एकोणीस गाठी

मी कायदेमंडळाचा मेंबर होतो. हे सांगितलं की लोक माझ्या पायांकडं बघतात. मेंबर झालेल्या माणसाच्या टाचा अशा फाटलेल्या कशा, हे त्यांना कळत नाही. मलाही बऱ्याच गोष्टी अजून कळलेल्या नाहीत, आणि दिवाळीच्या अंकासाठी लिहा म्हणून घरी आलेल्या संपादकांना मी ते आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, कळलं नाही तेच लिहा. म्हणून बसलोय. शाळा मी तीन बुकं शिकलो, तीही मिशा फुटल्यावर. माझ्या लिहिण्यात कुणी हात घालायचा नाही, एवढी एकच अट घातली आहे.

धंदे मी तीन केले. आधी वेठ, मग लग्नं लावणं आणि चार शब्द सांगणं, मग मेंबरकी. कधी वाटतं तिन्ही ठिकाणी काम एकच होतं. कधी वाटतं, तीन वेगवेगळ्या माणसांनी ती केली आणि त्यातला मी कुठला ते विसरलो.

वेठ म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. आम्ही हिरेवाडीचे महार. हिरेवाडी म्हणजे निपाणी-चिकोडीच्या मधलं एक बारकं गाव, त्यात आमची तीन घरं. सरकारचं आणि गावचं काम आमच्या घरांवर पिढीजात लादलेलं. त्याच्या बदल्यात इनामाचा काळ्या रानाचा एक तुकडा आणि दारोदार भाकरी. काम नको म्हणायची सोय नव्हती. जन्मला की लागला. साहेबाचा मुक्काम असो, मामलेदाराची फेरी असो, कचेरीचं टपाल असो, ओझं आमच्या डोक्यावर.

पण या कामाला एक कायदा होता आणि तो कुणी लिहिलेला नव्हता. ओझं आपल्या गावच्या शिवेपर्यंत न्यायचं. शिवेच्या दगडाजवळ ठेवायचं, हाळी द्यायची, आणि मागं न बघता परत फिरायचं. पलीकडच्या गावचा माणूस येऊन ते उचलणार. मागं बघितलं तर तो म्हणणार, "बघत हुबा हाईस तर आणखी चार पावलं आण की रं." म्हणून बघायचं नाही. आणि ओझं शिवेवर पडून राहिलं असं कधी होत नसे. एका डोक्यावरनं दुसऱ्या डोक्यावर, चिकोडीच्या कचेरीतनं निघालेलं टपाल शेवटच्या गावापर्यंत जायचंच. माझा बाप हे अभिमानानं सांगायचा. मार खाणाऱ्या माणसाला कशाचा अभिमान वाटेल याचा नेम नाही.

सोळा-सतरा वर्षांचा असताना मी एका गोऱ्या साहेबाचं अंघोळीचं टब वाहिलं. पत्र्याचं, माणूस आडवा मावेल एवढं. पालथं डोक्यावर घेतलं की छातीपर्यंत आत. मला फक्त माझे पाय दिसत. पुढं चालणारा शिपाई ओरडायचा, "डावीकडं हो! खड्डा!" आणि आवाज आत असा घुमायचा की डावीकडं कुठलं तेच कळायचं नाही. दोनदा खड्ड्यात गेलो. शिवेवर टब उतरवलं तेव्हा पलीकडच्या डोंगळवाडीचा रामा न्यायला आला होता. तो माझं तोंड बघून हसत खाली बसला. म्हणाला, "मला वाटलं साहेबच आत हाय. अंघोळ करत करत चाललाय." हा रामा पुढं परत येणार आहे, ध्यानात ठेवा.

मी वेठ सोडून निपाणीला पळालो, तंबाखूच्या वखारीत राबलो, तिथंच एका मास्तरांनी अक्षरं शिकवली. त्या वेळी आमच्या भागात हवा आली होती की आपली लग्नं आपणच लावायची. आमच्या लग्नात तोपर्यंत भटजी लांब झाडाआड उभा राहून मंत्र म्हणायचा. लग्न नेमकं कुठल्या क्षणाला लागलं हे नवऱ्यालासुद्धा समजायचं नाही. माझा आवाज शिवेवर हाळ्या देऊन तयार झालेला. मी मंगलाष्टकं म्हटली की तीन रानं पलीकडचा माणूस अक्षता शोधायला लागायचा. लग्न लागलं की मी अर्धा तास बोलायचो. माणूस पोटाला येतो तेव्हा त्याच्या डोक्यावर ओझं नसतं, ते नंतर ठेवतात, आणि जे ठेवलेलं असतं ते उतरवता येतं. एवढंच सांगायचो, पण फिरवून फिरवून. लोक बुवा म्हणायला लागले.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. बेळगावाजवळ कंग्राळीला एक लग्न होतं. मी अंतरपाटाशेजारी उभा राहिलो तर नवऱ्याचा बाप हात धरून मला बाजूला घेऊन गेला.

"बुवा, जरा लांब जाऊन म्हना की."

"का रं?"

"आमच्यात लांबनंच लागतंय. हितं जवळ हुबं राहून लावलेलं टिकंल का?"

मी चिडलो. अर्धा तास त्याला समजावलं. तो "व्हय, व्हय" म्हणाला आणि परत म्हणाला, "पर जरा लांबनं." शेवटी ऊन चढलं, पोरी रडायला लागल्या. मी चिंचेमागं गेलो आणि तिथनं लग्न लावलं. ते जोडपं सुखात नांदलं, नातवंडं झाली. आता याचा अर्थ मी काय घ्यायचा?

पुढं कायदेमंडळात आमच्या लोकांसाठी राखीव जागा आल्या. कुणाला उभं करायचं? वाड्यावाड्यात माझ्या हातची लग्नं, आणि आवाज मोठा. मला उभं केलं. मत टाकायच्या पेट्या रंगांच्या होत्या, माझ्या वाट्याला पिवळा आला. बाया म्हणाल्या, बुवाची हळदीची पेटी. मी निवडून आलो. ही दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट.

मेंबरचं काम काय असतं, हे मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. बैठक पावसाळ्यात पुण्याला, एरवी मुंबईला. मोठं सभागृह, बाकं, वर अध्यक्ष, त्यांच्या हातात घंटी. काही विचारायचं असेल तर आधी लिहून द्यायचं. उत्तर येईपर्यंत आपण काय विचारलं ते आपणच विसरतो. भाषणाला घड्याळ लावलेलं. बोलणं निम्मं इंग्रजीत. पहिले सहा महिने मला परत त्या टबात घातल्यासारखं झालं. आवाज चारी बाजूंनी यायचे, दिसायचे फक्त माझे पाय.

शेजारच्या बाकावर चिकोडीकडचे एक जैन मेंबर होते, जमीनदार. त्यांना सगळे आप्पा म्हणत. मराठी, कानडी, इंग्रजी तिन्ही चालायच्या. त्यांनी मला पुष्कळ सांभाळून घेतलं. पुण्यात आम्ही एका किटलीतला चहा प्यायचो. निपाणीला सर्व्हिस मोटारीतनं उतरलो की ते हात जोडून "बरं बुवा, येतो" म्हणायचे आणि चहाचं नाव काढायचे नाहीत. पुण्याचे आप्पा खरे की निपाणीचे, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मला ते दोन्ही आवडायचे.

मत द्यायची तिथं गंमत होती. हात वर करून भागलं नाही की सगळे उठून बाहेर जायचे. दारं दोन. एका दारानं गेलेले ठरावाच्या बाजूचे, दुसऱ्या दारानं गेलेले विरुद्ध. पहिल्यांदा हे झालं तेव्हा आमच्यासारख्या गावकामगारांच्या बाजूचा एक ठराव होता आणि त्यावर सकाळी मी स्वतः घसा ताणून बोललो होतो. घंटी झाली, सगळे उठले. आमची जन्माची सवय अशी, मोठी माणसं पुढं आणि आपण मागं. माझ्यापुढनं रेशमी कोटवाल्यांचा घोळका निघाला, मी अदबीनं त्यांच्या मागनं गेलो. परत आल्यावर आप्पा कपाळाला हात लावून बसलेले.

"काय बुवा! सकाळी बोललात त्याच्या विरुद्ध मत देऊन आलात."

"म्या कुठं दिलं? म्या तर निस्ता चालत हुतो."

"चालणं म्हंजेच मत हितं."

ठराव आमच्या एका मतावर पडला नाही, पुष्कळ मतांनी पडला. पण मला चार दिवस जेवण गेलं नाही.

आता माझ्या थोरल्या भावाचं सांगतो. त्याचं नाव भिवा, मी त्याला अण्णा म्हणायचो. तो हिरेवाडीतच राहिला. इनामाचं रान तो करायचा. मी मेंबर झाल्याच्या वर्षी हिरेवाडीत माझा सत्कार झाला, तिथं मी माझं नेहमीचं बोललो. ठेवलेलं ओझं उतरवता येतं. अण्णा पुढं बसला होता. दुसऱ्या दिवशी चावडीवर टपालाची थैली न्यायला बोलावणं आलं, तर तो म्हणाला, "उतरवलं." एवढंच. बाकीची दोन घरंही त्याच्या मागं उभी राहिली. गावच्या पाटलानं वर लिहून दिलं की हे लोक काम करत नाहीत, तर इनाम कशाला? रान जप्त झालं आणि पाटलाच्याच एका माणसाकडं कसायला गेलं.

वैनी निपाणीला माझ्या घरी आली. तुळसा तिचं नाव. उंबऱ्यात बसली. पाणी प्यायली नाही.

"भावजी, तुमच्या बोलन्यानं रान गेलं. तुमच्या बोलन्यानं परत आना."

"आनतो, वैनी. मेंबर हाय म्या."

"काय हाईसा ते मला समजत न्हाय. अण्णा तुमचा दिवसभर बांधावर बसून दुसऱ्याचा नांगर बघतोय. त्याला तसा किती दिस बघू म्या?"

मी अर्ज लिहून घेतला. अण्णाचा अंगठा, बाकीच्या दोन घरांचे अंगठे. त्या दिवशी माझ्या बोटांना लग्नाची हळद होती, ती कागदाच्या कोपऱ्याला लागली. पावसाळी बैठकीला पुण्याला गेलो तेव्हा अर्ज महसुलाच्या कचेरीत नेला. हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवला. "ठेवलाय बरं का!" असं मोठ्यानं म्हणालो. आणि मागं न बघता बाहेर आलो.

वाचणाऱ्याला वाटेल हा माणूस येडा आहे. पण माझ्या सगळ्या जन्मात मी ओझं ठेवलं आणि ते पुढं गेलं नाही असं झालेलं नव्हतं. हिरेवाडीसारख्या फाटक्या गावात जे चुकत नाही ते सरकारच्या घरात चुकेल, असं माझ्या मनाला शिवलंच नाही. वर्षभर वैनी निरोप पाठवायची, रानाचं काय झालं? मी छातीवर हात ठेवून सांगायचो, पुढं गेलंय. त्या वर्षीचा शाळू पाटलाच्या माणसानं खळ्यावर नेला.

पुढच्या पावसाळ्यात परत पुण्याला गेलो, म्हटलं विचारून तरी येऊ अर्ज कुठल्या गावापर्यंत पोचला. त्याच कचेरीत, त्याच टेबलावर, कागदांच्या थरातनं हळदीचा कोपरा दिसला. वर शाईची दौत ठेवलेली.

"हे अजून हितंच?" मी म्हणालो.

हेडक्लार्क म्हणाला, "मग कुठे जाईल?"

"फुडं."

"कोण नेणार?"

"ज्याची शीव हाय त्यो."

त्यानं चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. "बुवा, इथे शीव-बिव काही नसते. ज्याला गरज असते तो कागदाच्या मागे फिरतो. तुम्ही ठेवून गेलात, मला वाटलं तुम्हाला घाई नाही."

त्याच्यावर रागवावं की स्वतःवर, मला समजेना. मी दौत उचलून बाजूला ठेवली आणि अर्ज हातात घेतला. त्या टेबलावरनं दुसऱ्या, तिथनं माडीवर, माडीवरनं परत खाली शिक्क्याला, शिक्क्यावरनं दुसऱ्या इमारतीत. अकरा टेबलं. एक शिपाई मला म्हणाला, "मेंबरसाहेब, हे काम आमचं, तुम्ही कशाला?" मी म्हणालो, "मग ने की." तो म्हणाला, "साहेबांनी सांगितलं तर नेईन." साहेब जेवायला गेलेले. मीच नेला. आठ दिवस सभागृहाची घंटी वाजली की सभागृहात, थांबली की कचेरीत.

त्याच बैठकीत वेठीवर बोलायची माझी पाळी आली. कागद बघून बोलायला मला जमत नाही, डोळे ओळ सोडतात. म्हणून मी एक सुतळी नेली होती. वेठीचं एकेक काम आठवून एकेक गाठ मारलेली. टपाल, साहेबाची ट्रंक, मुक्कामाचे तंबू, जळण, घोड्याची वैरण, मेलेलं ढोर, मयताची खबर परगावी नेणं, रानाची राखण, दवंडी, आणि टबसुद्धा. एकूण एकोणीस. गाठ बोटाखाली आली की ते काम बोलायचो. अध्यक्षांनी घंटी वाजवली ती मी ऐकलीच नाही. शेवटची गाठ बोटाखालनं गेल्यावर म्हणालो, "आजपासनं माझ्या हाताला आणि माझ्या भावाच्या हाताला सरकारी वेठीचं ओझं लागणार न्हाय." बाकं वाजली. आप्पा कानडीत काहीतरी पुटपुटले आणि डोळे पुसले. आयुष्यात मी कधी नीट बोललो असेन तर त्या दिवशी.

आणि हुकूम निघाला. रान भिवाला परत द्यावं. अट एवढीच, हुकूम गावच्या चावडीत दाखल झाल्यावर घटस्थापनेच्या आत ताबा घ्यायचा, नाहीतर या वर्षीची वहिवाट आहे तशी चालू. घटस्थापना म्हणजे शाळूच्या पेरणीचे दिवस. मी चिकोडीला कचेरीत गेलो, म्हटलं कागद माझ्या हातात द्या. ते म्हणाले, हातात देता येत नाही, गावच्या टपालातनंच जाईल, चावडीच्या दप्तरात चढला तरच खरा. थैली काल निघाली आहे.

मी हिरेवाडीला पोचलो तेव्हा घटस्थापनेला तीन दिवस होते. चावडीत थैली नव्हती. तलाठ्याला विचारलं. तो पंचा सावरत म्हणाला, "येणार कशी? तुमच्या भावानं थैली सोडल्यापास्नं टपाल डोंगळवाडीच्या चावडीत साचतंय. पंधरा दिवसांनी त्यांचा एखादा माणूस हातापाया पडून आणवतो."

"मग आज आणवा."

"ते न्हाय म्हणाले. हिरेवाडीच्यांनी सोडलं तर आम्ही का वाहू? त्यांचं माणूस थैली शिवेवर ठेवून गेलंय."

मी शिवेकडं पळालो. दगडाजवळ खाकी थैली पडली होती. जन्मात पहिल्यांदा मी शिवेवर ओझं पडलेलं बघितलं. पलीकडं बाभळीखाली डोंगळवाडीचा रामा बसला होता, केस पांढरे, पण तोच हसणारा.

"रामा, तेवढी चावडीत नेऊन दे की."

"माझं काम शिवंपातूर. तुला ठावं न्हाय?"

"ह्यात आमच्या अण्णाचं रान हाय रं."

"म्हणून तर राखत बसलोय. शेरडं चावत्यात कापड. पर शीव वलांडून न्हेनार न्हाय म्या. तुजंच भाषान ऐकलंय. लई ग्वाड बोलतूस तू."

तेवढ्यात अण्णा आला. थैलीपासून दहा हातांवर उभा राहिला, तोंड फिरवून.

मी म्हणालो, "अण्णा, हुकूम आलाय. ह्यातच हाय. तेवढी चावडीपातूर न्ये."

"वेठ करून?"

"तुजं रान हाय."

"वेठ सोडली म्हणून रान गेलं. वेठ करून आनलं तर काय आनलं? तू सांग. तू बुवा, तू मेंबर."

मी थैलीकडं बघितलं. तो म्हणाला, "तू उचल मग."

मी खाली वाकलो असेन. हात पुढं गेला असेल. पण मागं बघितलं तर पाटलाची दोन माणसं बांधावर बसून पान चघळत होती, आणि तलाठीही छत्री घेऊन आला होता. सभागृहातलं माझं बोलणं वर्तमानपत्रात छापून आलं होतं. माझ्या हाताला ओझं लागणार नाही. मी सरळ झालो. कोट झटकला.

तलाठी म्हणाला, "उचला बुवा. घरचंच काम."

मी म्हणालो, "सरकारी थैली हाय. तुमी सरकारी मानूस. तुमी उचला."

"मी? मी थैली उचलू?" त्याला खरंच हसू आलं. "उद्या पाटलाला म्हणाल कंदील धर."

अण्णा म्हणाला, "पुन्यात मातूर अकरा टेबलं कागद वाहिलास म्हनं. त्याला काय म्हनत्यात?"

"ते येगळं."

"कसं?"

कसं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तिथं मला कुणी लावलं नव्हतं, मी माझ्या मनानं नेत होतो. पण शिवेवरची थैलीसुद्धा मी माझ्या मनानंच उचलली असती. मग फरक काय? बघणाऱ्यांचा? पुण्यात मला बघणारं कुणी माझं नव्हतं म्हणून?

दोन दिवस असे गेले. सकाळी जायचं, थैलीभोवती बसायचं, संध्याकाळी परतायचं. अण्णा एका बाजूला, मी एका बाजूला, पलीकडं रामा. मधे चार हात कापड आणि त्यात आमच्या बापजाद्यांचं रान. रामा तंबाखू मळायचा आणि शिवेवरनं हात लांब करून आम्हाला द्यायचा. तंबाखूला शीव नव्हती.

तिसऱ्या दिवशी, घटस्थापनेच्या आदल्या सकाळी, वैनी त्या वाटेनं आली. डोक्यावर शेणाची पाटी, पाटीत खराटा खोवलेला. मला वाटलं रानात चालली. ती थैलीजवळ थांबली. आम्हा दोघांकडं बघितलं नाही. वाकली, थैली उचलली, शेणाच्या पाटीवर ठेवली आणि गावाकडं वळली.

अण्णा ओरडला, "ए! ठेव ती खाली!"

ती चालतच राहिली. बांधावरची माणसं उठून उभी राहिली. तलाठी छत्री मिटून मागं मागं चालला. आम्हीही चाललो. काय करणार?

चावडीत जाऊन तिनं थैली सतरंजीवर ठेवली. तलाठ्यानं सवयीनं वही उघडली, टपाल आणणाऱ्याचं नाव लिहायची. लेखणी हातात घेऊन थांबला. बाईमाणसाचं नाव त्या वहीत कधी चढलेलं नव्हतं. मग त्यानं वही मिटली आणि थैली फोडली. हुकूम निघाला. दाखल झाला.

अण्णा दाराबाहेर उभा होता. "वेठ केलीस. दोन वर्सं म्या मार खाल्ला, आनि तू वेठ केलीस."

वैनीनं पाटी खाली ठेवली. शेण पाण्यात कालवायला घेतलं आणि चावडीची पडवी सारवायला बसली. सारवता सारवता बोलली, आवाज न चढवता.

"दोन वर्सं तुमी थैली सोडलीसा. ही पडवी कुनी सारवली? झाडली कुनी? मुक्कामाला साहेब आला तवा तंबूम्होरं सडा कुनी टाकला? म्या रोज येतेय हितं. तुमी सोडा म्हनला न्हाईसा, कुनीच म्हनलं न्हाय. म्या म्हनलं ही आमची वेठ नसंल. घरकामच आसंल."

अण्णाला हे माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. रोज सकाळी बायको कुठं जाते हे माणसाला माहीत असतं. पण ते त्यानं वेठीत धरलं नव्हतं. मीही नव्हतं धरलं. आमची आई जन्मभर तीच पडवी सारवत होती, आणि मी एकोणीस गाठी मारल्या त्यात ती नव्हती.

वैनीनं माझ्याकडं हात पुढं केला. शेणानं भरलेला.

"भावजी, सरकारात दाखवलेली दोरी खिशात आसंल न्हवं?"

होती. मी ती सगळीकडं मिरवत होतो. दिली. तिनं एकेक गाठ बोटानं चाचपली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जात्यात दाणे टाकावेत तसं सावकाश.

"ह्यातली माझी कुठली?"

तिनं दोरी परत दिली आणि राहिलेली पडवी सारवून पुरी केली. मग उठली, हात धुतले, म्हणाली, "आता उद्यापास्नं येनार न्हाय," आणि अण्णाला म्हणाली, "चला, तिफन काढा. ताबा आजच घ्यायचा हाय."

अण्णा दोन पावलं मागं ठेवून तिच्या मागनं गेला. त्या वर्षी शाळू बरा आला.

पुढं आणखी काही वर्षं मी मेंबर होतो, पुष्कळ दारांतनं ये-जा केली. स्वातंत्र्य आलं तेव्हा निपाणीला आप्पांनी माझ्या गळ्यात हार घातला. वैनी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली, अण्णा तिच्या आधी गेला. दोरी माझ्याजवळ आहे. टोकाला वीतभर सुतळी मोकळी आहे, एक गाठ सहज बसेल. पुष्कळदा हातात घेतली. पण ती गाठ मी मारली तर ती माझीच होणार, आणि जिनं मारायची ती तर काही न मारता दोरी परत देऊन गेली.